सणाची तारीख आधी पाहा



२ ऑक्टोबर २०२५ रोजी आपण दसऱ्याचे सोने वाटत होतो, त्याच दिवशी ज्यू समाजाचा योम किप्पूर होता. त्यांचा हा वर्षातला सर्वांत पवित्र दिवस. आदल्या सूर्यास्तापासून सुमारे २५ तास पाणीही न पिता उपवास व प्रार्थना. त्यांचे पंचांगही आपल्यासारखेच चंद्रावर चालते, त्यातही अधिक महिना असतो. म्हणून सणाची इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. फरक एवढाच की दसरा प्रत्येक वाहिनीला ठाऊक असतो, योम किप्पूर नसतो.

हा समाज आपल्याला परका नाही. कोकणातले बेने इस्रायल पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, आडनावे गावांवरून लावतात. पूर्वी त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. गावाने जे ध्यानात ठेवले, ते आज प्रसारण संस्थांना ठेवता येऊ नये काय?

तक्रार केली तर उपयोग होतो, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. २७ सप्टेंबर २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये यांकीज व रेड सॉक्स यांचा बेसबॉल सामना होता. ईएसपीएन वाहिनीने तो दुपारी १ ऐवजी रात्री ८ वाजता ठेवला. त्याच संध्याकाळी योम किप्पूर सुरू होत होता. लोकांनी हरकत घेतली, एका लोकप्रतिनिधीने पत्र लिहिले आणि सामना पुन्हा दुपारी घेण्यात आला. कोणी सामना रद्द करा म्हटले नव्हते. मागणी फक्त वेळेची होती.

"एवढ्या थोड्या लोकांसाठी वेळापत्रक का बदलायचे?" असे कोणी विचारील. पण संख्या मोजायची तर मध्य प्रदेशात आपणही थोडेच आहोत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण भोपाळकडे राहिलो. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा झाला, तरी जाम नदीवरची गोटमार तेवढी बातमीत येते. आदल्या दिवशीच्या पोळ्याची आठवण किती जणांना राहते? आपला सण विसरला की आपण चिडतो. मग दुसऱ्याचा विसरला जातो तेव्हा गप्प बसणे शोभत नाही.

१९९० च्या प्रसार भारती कायद्याचे कलम १२ सांगते की, निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृती व भाषांना पुरेसे स्थान द्यावे आणि अल्पसंख्याकांच्या विशेष गरजा ध्यानात घ्याव्यात. महाराष्ट्र शासनाने ज्यूंना २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जाही दिला. तेव्हा आमची मागणी साधी आहे. आकाशवाणी, दूरदर्शन व खासगी वाहिन्यांनी स्पर्धेची अंतिम फेरी, कलावंतांची निवड-चाचणी किंवा ध्वनिमुद्रण ठरवताना सर्व समाजांच्या सणांची यादी समोर ठेवावी. ज्यूंचा सण सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून आदली संध्याकाळही मोकळी ठेवावी.

आपल्या मंडळींनीही नुसती कुरकुर करू नये. पत्र लिहावे. त्यात कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ, सण आणि पर्यायी वेळ स्पष्ट लिहावी, आणि वेळापत्रक पक्के होण्याआधी ते पाठवावे. पोळ्यासाठी लिहाल, त्याच पत्रात चार ओळी योम किप्पूरसाठीही लिहा.