रिपोर्ट चांगला, मग पाय जड का?

मैत्रिणींनो, एका भगिनीचं पत्र आलं आहे. ती लिहिते, "मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन बारा वर्षं झाली. पूर्वी दुखणं उसळायचं नि ओसरायचं. आता उसळत नाही, पण चाल दरवर्षी मंदावते आहे. नुकताच मेंदूचा एमआरआय केला. त्यात नवा चट्टा नाही. सासूबाई म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, आता ऊठ नि कामाला लाग. मी ढोंग करते का हो?"

नाही, मुळीच नाही. आपले मज्जातंतू म्हणजे मिक्सरची वायर समजा. आत बारीक तारा, वर आवरण. या दुखण्यात आधी आवरणावर दाह होतो आणि तिथे चट्टा पडतो. हे चट्टे एमआरआयमध्ये छान दिसतात. सी.टी. स्कॅनला न दिसणारे चट्टे या यंत्राला दिसतात, हे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८१ सालीच दाखवलं होतं.

पुढे दुखणं हळूहळू वाढू लागलं, की आतल्या ताराच एकेक करून झिजतात. ही झीज चट्ट्यासारखी उठून दिसत नाही. मेंदू किंचित आक्रसतो, इतकंच. निरोगी माणसात वर्षाला ०.१ ते ०.३ टक्के, या दुखण्यात साधारण ०.५ ते १ टक्का. एवढासा फरक नुसत्या नजरेला कसा कळणार? शिवाय पाय जड होण्याचं मूळ पुष्कळदा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतं, आणि तो मेंदूच्या फोटोत येतच नाही. म्हणजे 'नवा चट्टा नाही' याचा अर्थ नवा दाह दिसला नाही, एवढाच. दुखणं थांबलं असा नव्हे, बरं का!

मग करायचं काय? जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा, म्हणजे डॉक्टरांना ताडून पाहता येईल. घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला किती मिनिटं लागतात, ते दर महिन्याला कॅलेंडरवर लिहा. हा कागद डॉक्टरांना दाखवा आणि मज्जारज्जूचा एमआरआय हवा का, तेही विचारा. तपासणीला जाताना मंगळसूत्र, बांगड्या, केसांतल्या पिना घरीच काढून ठेवा. शरीरात धातूचं काही बसवलेलं असेल, तर आधी सांगा. यंत्र फार खडखडतं, पण त्यात क्ष-किरण नसतात.

आणि पुढच्या खेपेला सासूबाईंनाच डॉक्टरांकडे बरोबर न्या. हे सगळं त्यांच्याच तोंडून त्यांना ऐकू दे. कागदावर उमटत नाही ते दुखणं खोटं नसतं, हे एकदा घराला कळलं, की निम्मा भार उतरतो.