टिपण : उतरवणे आणि टिपणे

पदव्युत्तर मराठीच्या वर्गात ‘नोट्स’नी ग्रंथाची जागा घेतली आहे. अध्यापक मजकूर सांगतो, विद्यार्थी उतरवून घेतो. पुढील वर्षी त्याच वहीची झेरॉक्स निघते, आता तर मोबाइलवर तिची छायाचित्रे फिरतात. बीड तालुक्यातील लिंबागणेशसारख्या गावातून शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याचे यात अधिक नुकसान होते. मूळ ग्रंथ त्याच्या हाती ग्रंथालयाच्या मुदतीपुरताच असतो. तो परत गेल्यावर उरते ते टिपण. आणि टिपणात ग्रंथच नसेल, तर वर्षभर एस.टी.ने केलेल्या जाण्यायेण्यातून त्याच्या पदरी काय पडले ?

वस्तुतः टिपणाचा उत्तम नमुना अभ्यासक्रमातच आहे. केसोबासांनी सिद्ध केलेल्या ‘दृष्टान्तपाठा’त 114 दृष्टान्त आहेत. त्यांतील सूत्र आणि दृष्टान्त चक्रधरांचे. दोहोंची संगती लावणारे दार्ष्टान्तिक केसोबासांचे. गुरुवचन कोठे संपते आणि संग्राहकाचे विवेचन कोठे सुरू होते, हे वाचकास स्पष्ट कळते. वर्गातील वहीत नेमकी हीच सीमारेषा पुसलेली असते. लेखकाचे वाक्य, समीक्षकाचे मत, अध्यापकाचा अभिप्राय, सारे एका शाईत आणि एका दमात. पुढे प्रबंध लिहावयास बसल्यावर उसने कोणते व आपले कोणते, हे त्या विद्यार्थ्यालाच सांगता येत नाही. वाङ्मयचौर्याचा प्रत्येक आरोप लबाडीतूनच उद्‌भवतो असे नव्हे. काहींचे मूळ अशा वहीत असते.

पाखरू दाणा टिपते ते निवडून. टीपकागद मात्र पुढ्यात येईल ती शाई शोषतो, आणि त्यावर अक्षरे उमटतात तीही उलटी !

यास्तव पानाच्या डाव्या बाजूस मूळ शब्द, अवतरणचिन्हांत व पृष्ठांकासह लिहावेत. उजवी बाजू स्वतःच्या शंकांसाठी राखावी. पहिल्या वाचनात काहीच उतरवू नये. प्रकरण संपले की ग्रंथ मिटून लेखकाचे म्हणणे दोन-चार वाक्यांत मांडावे आणि मगच मुळाशी ताडून पाहावे. येथे जे निसटलेले आढळते, तेच बहुधा महत्त्वाचे असते. उजवी बाजू कोरी राहिली, तर ते प्रकरण पुन्हा वाचावे.

परीक्षेला तयार उत्तरच लागते, हा आक्षेप खोटा नाही. परंतु प्रश्नपत्रिका काढणारे आणि नोट्स सांगणारे हे एकाच वर्गातील लोक होत. अंतर्गत मूल्यमापनातील काही गुण त्यांनी टिपणवहीच्या उजव्या बाजूस द्यावेत. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.