बाळ मान वळवतं, बोल मात्र आईला

आजपासून स्तनपान सप्ताह. ७ ऑगस्टपर्यंत बॅनर, दीपप्रज्वलन, "आईचं दूध म्हणजे अमृत" वगैरे सगळं होईल. नेमक्या याच दिवसांत आमच्या मूल तालुक्यात रोवणी भरात असते. ज्या बायांना हे ऐकवायचं, त्या बांधीत चिखलात वाकलेल्या. मग सभागृहात बसतं कोण?

माझ्या मुलाने चौथ्या महिन्यात अंगावर प्यायचं जवळजवळ सोडलं होतं. दोन घोट घेतले की मान वळली. कुकरची शिट्टी, मांजर, पंखा, काहीही पुरायचं. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. डॉक्टर वजन न करताच म्हणाले, "दूध पुरत नसेल, डबा सुरू करा." पुरत होतं हो! लंगोट दिवसातून सात-आठदा ओले व्हायचे, अंगणवाडीत वजनही वाढलेलं निघालं. या वयात बाळाला जग दिसू लागतं, एवढंच. आशाताईने सांगितलं, भुकेने रडायच्या आधी घे, अंधाऱ्या खोलीत दार लावून बस, झोपेच्या गुंगीत पाज, डोकं दाबून बळजबरी करू नको. आठ-दहा दिवसांत पोरगं नीट प्यायला लागलं.

पण मला खोली होती. धुऱ्यावर झोळी बांधून रोवणाऱ्या बाईला कुठली खोली? गुत्त्याचं काम, ट्रॅक्टरचा आवाज. बाळ मान वळवतं, टोळी पुढे सरकते, बाई उठते. बाळ ओढेना की दूध खरंच कमी होतं. म्हणजे डॉक्टरचं चुकीचं निदान आपण सगळे मिळून खरं करून दाखवतो.

१९९२ च्या कायद्याने बाळाच्या दूधभुकटीच्या जाहिरातीला बंदी आहे. चांगलंच आहे. २०१७ पासून ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं. रोवणीच्या टोळीला कोण आस्थापना म्हणणार? रोजगार हमीच्या कामावर पाच लहान मुलं असली तर सांभाळायला एक बाई, तिला मजुरीसकट, लावावी लागते. खाजगी बांधीत तेही नाही. आशाताईच्या ठरलेल्या भेटी तिसऱ्या महिन्यात आणि मग थेट सहाव्यात. घोळ होतो तो मधल्या दिवसांत.

माझं म्हणणं साधं आहे. शेतमालकांनी (यात माझे बाबाही आले) धुऱ्यावर ताडपत्रीचा आडोसा बांधावा आणि पाजायला दोनदा अर्धा तास द्यावा, मजुरी न कापता. पंचायत समितीने यंदा बॅनरऐवजी ताडपत्र्या घ्याव्यात. बाबांशी दोन दिवस भांडून झालं, आमच्या बांधीवर काल आडोसा बांधला. तुमच्याकडे काय सोय आहे, खाली लिहा.