चातुर्मासातला रियाज

आज गुरुपौर्णिमा. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोली, वडसा या गावांतल्या संगीतवर्गांत आज सतरंज्या अंथरल्या जातील. सरस्वतीच्या आणि गुरूंच्या तसबिरींना हार पडतील आणि मुले एकामागून एक येऊन हात दाखवून जातील. कुणी तीनतालातला कायदा चार पलट्यांसह वाजवील, कुणी पेटीवर भूपातली छोटी गत. मग शाल-श्रीफळ, पेढे, सामूहिक छायाचित्र. गावाबाहेर बांध्यांमध्ये रोवणीची घाई असल्यामुळे खेड्यातली निम्मी मुले आलेलीच नसतील, हेही दरवर्षीचेच.

या मुलांपैकी एखादे तरी उद्या नावारूपाला आलेला एकल वादक होईल काय? म्हणजे तबला, सतार, व्हायोलिन, बासरी किंवा पेटी घेऊन तासभर एकट्याने बैठक रंगवणारा, त्याच्याच नावावर लोक तिकीट काढतील असा वादक? सध्याच्या व्यवस्थेत तरी होणार नाही, असेच उत्तर द्यावे लागते. मुलांत गुण नाहीत म्हणून नव्हे. ज्या मुलुखात जवळपास प्रत्येक खेड्यात गुरुदेव सेवा मंडळाची पेटी, तबला आणि खंजिरी आहे, जिथली पोरे सामुदायिक प्रार्थनेत ठेका ऐकतच मोठी होतात, तिथे कान तयार असतात. कमी पडते ते त्या कानांच्या पुढचे.

परीक्षांचे पीक मात्र जोरात आहे. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्या परंपरेतून आलेली प्रारंभिक ते विशारद, अलंकार ही शिडी आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. दहावीच्या निकालात शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर वर्गांत जागा पुरत नाही. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. या परीक्षांमुळेच मध्यमवर्गीय घरात तानपुरा आला, मुली गाऊ-वाजवू लागल्या, आणि समजून ऐकणारा श्रोता तयार झाला. पण परीक्षा श्रोता घडवते, शिक्षक घडवते; सोलो वाजवणारा घडवणे हे तिचे कामच नव्हे. आणि दहावी झाली की यातली बहुतेक पोरे वर्गात दिसत नाहीत, हे वर्ग चालवणाऱ्या कोणालाही विचारा.

सोलोच्या शिक्षणात नेमके काय लागते, ते तबल्याच्या बाबतीत जवळून पाहण्यासारखे आहे. पेशकार, कायदा, रेला, गत, तुकडे हे सगळे वहीत लिहून घेता येते. वाजवायचे मात्र असते लहऱ्यावर. म्हणजे शिकणाऱ्याशेजारी कुणीतरी पेटी किंवा सारंगी घेऊन तीच एक ओळ तास-दीड तास न कंटाळता वाजवत बसायला हवे. हल्ली हे काम मोबाइल करतो. त्याची लय हलत नाही हे खरे. पण धिरधिर वाजवताना पोरगा घाईला आला, डग्ग्याचा हात जड पडला, की थांबवून ‘पुन्हा, अर्ध्या लयीत’ म्हणणारा माणूस त्यात नसतो. असा माणूस आठवड्यातून दोनदा तासभर मिळून भागत नाही. तो रोज लागतो, आणि दहा-बारा वर्षे लागतो. तेवढी वर्षे शिकणाऱ्याने काही कमवायचे नसते आणि शिकवणाऱ्याच्या चुलीची काळजी दुसऱ्या कुणीतरी घ्यायची असते. सोलो वादनाच्या इतिहासात रागतालाइतकाच हा जमाखर्चही महत्त्वाचा आहे.

हा खर्च कोणी केला, ते पाहिले तर नावे ठरलेली आहेत. मैहरचे महाराज ब्रिजनाथ सिंह यांनी अल्लाउद्दीन खाँसाहेबांना सांभाळले. तिथे १९१८च्या सुमारास साथीच्या रोगात अनाथ झालेली गावातली पोरे गोळा करून खाँसाहेबांनी मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी केलेले नळतरंग त्याच बँडातले. त्यांच्याच घरात रविशंकर, अली अकबर आणि अन्नपूर्णादेवी तयार झाल्या. पुढे संस्थाने गेली आणि रेडिओ आला. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, पन्नालाल घोष हे सगळे आकाशवाणीच्या पगारावर जगले. हरिप्रसाद चौरसियांना १९५७ साली कटकच्या केंद्रात नोकरी लागली, मग मुंबईत सिनेमाच्या स्टुडिओने हात दिला. आणि पोटाची अशी सोय झाल्यावर त्यांनी अन्नपूर्णादेवींपुढे बसून पहिल्यापासून शिकायला सुरुवात केली. त्या वेळी ते नावाजलेले बासरीवादक होते. तरी उजव्या हाताची बासरी डाव्या हाताला घेतली. पोटाची चिंता असलेल्या माणसाला हे परवडले नसते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला यातले काय आले? नागपूरला १९४८ मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि विदर्भातल्या वादकाला श्रेणी मिळवण्याचे ठिकाण झाले. पण पेटीवाल्याला तिथे दार बंदच होते. १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला मज्जाव केला होता. तो १९७१ मध्ये सैल झाला तेव्हाही पेटी परतली ती साथीपुरती. ज्या मुलुखात घरोघरी पोहोचलेले सुराचे वाद्य पेटीच आहे, तिथल्या वादकाला तीसेक वर्षे रेडिओवर स्थान नसणे, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. याच काळात पी. मधुकर पेटीचा सोलो वाजवत होते आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर पुढे २०१६ साली पद्मश्रीपर्यंत पोहोचले. तेव्हा वाद्यात दम नव्हता, असे म्हणायची सोय नाही.

दुसरे ठिकाण खैरागडचे. तिथल्या राजाराणींनी राजवाडा देऊन १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे केले. सुरुवातीच्या काळात श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. वडशाहून गोंदियाची गाडी धरावी, तिथे गाडी बदलून डोंगरगडला उतरावे आणि पुढे रस्त्याने जावे. मुंबई-पुण्यापेक्षा हे कितीतरी जवळ. तरी आमच्या जिल्ह्यांतली हुशार पोरे पुण्याचे स्वप्न पाहतात आणि खैरागडचा विचार क्वचितच करतात. राज्याची सीमा मधे आली की शेजारचे गावही लांबचे वाटते.

पण या मुलुखाचा खरा आश्रयदाता ना संस्थान, ना रेडिओ. तो आहे झाडीपट्टीचा रंगमंच. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळीच्या मंडईपासून होळीच्या आगेमागेपर्यंत रात्रभर नाटके चालतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. वडशात नाट्यमंडळांची कार्यालये आहेत, तिथून बुकिंग होते, गावोगावच्या तारखा ठरतात. या रंगमंचाचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका हा आकडा देशाने पहिल्यांदा ऐकला. त्या प्रत्येक प्रयोगाला मंचापुढे कुणीतरी ऑर्गन वाजवत बसलेला होता, कुणीतरी तबल्यावर होता. त्यांची मोजदाद कुठे नाही.

या वादकाचा हात कसा असतो, ते एकदा मंचाजवळ बसून पाहावे. नायक काळी चारमध्ये गाणारा, नायिका पांढरी पाचमध्ये, मधेच गावातला हौशी कलावंत आलाप घेतो तो कुठल्याच पट्टीत नसतो. आणि ऑर्गनवाला त्याला दोन सुरांत पकडून आपल्या पट्टीत आणून सोडतो. पौषातल्या दवाने तबल्याची पुडी उतरते, तशी अंक बदलता बदलता हातोडीने गट्टे ठोकून ती चढवली जाते. पहाटे चारला लावणीला तीच दाद मिळवायची असते जी रात्री अकराला नांदीला मिळाली. ही कसोटी कुठल्याही परीक्षक मंडळाला घेता येणार नाही.

आणि नाटकाच्या साथीतून सोलो वादक निघत नाहीत, असे कोण म्हणेल? मराठी रंगभूमीचा इतिहासच याच्या उलट आहे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली तेव्हा तिच्या भागीदारांत गोविंदराव टेंबे होते, पेटीला स्वतःचे बोलणे देणारे वादक. त्याच मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला पगारी होते. पुढे रामपूर दरबार, लखनौचे भातखंडे संगीत महाविद्यालय, शेवटी मुंबईचे एनसीपीए, असा त्यांचा प्रवास झाला. लालजी गोखले, निखिल घोष यांच्यासारखे शिष्य त्यांनी तयार केले. आणि तबल्याचा सोलो ऐकण्यासाठी लोक मुद्दाम जमू लागले. बालगंधर्वांच्या पदांना साथ करण्यात त्यांनी उमेदीची कितीतरी वर्षे घालवली होती, हे आता आठवले तर आश्चर्य वाटते. मंडळीने त्यांना पोसले आणि रियाजाला दिवस मोकळे ठेवले.

झाडीपट्टीत पोसण्याची अर्धी सोय अजून आहे. रियाजाची नाही. हंगामात वादक रात्रभर वाजवतो, दिवसा गाडीत झोपतो, पुढच्या गावी उतरतो. हंगाम संपला की तो मजुरीला, तेंदूपत्त्याला, नाहीतर लग्नाच्या बँडमध्ये. पावसाळ्यात रोवणी. रोवणी उरकली की पोळ्यापासून दिवाळीपर्यंत हाताला फारसे काम नसते. पेटी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली, दमट हवेत सुरांना गंज चढतो, भात्याची कापडी घडी सुटते, तबल्याची पुडी ढिली पडते. ऑर्गनची जागा कीबोर्डने घेतल्यापासून तर तेवढीही काळजी उरलेली नाही. बटण दाबले की व्हायोलिनही वाजते, सतारही. तेव्हा सतार शिकणारा हवाय कशाला, हा मंडळाच्या मालकाचा प्रश्न व्यवहाराला धरूनच आहे.

चातुर्मास आषाढी एकादशीला लागतो आणि कार्तिकीला संपतो. झाडीचा नाट्यहंगाम साधारण तिथेच सुरू होतो. रोवणीची घाई सोडली तर हे चार महिने म्हणजे या मुलुखातल्या वादकाचे मोकळे दिवस. आणि गुरूने एका जागी राहून शिकवण्याचा काळही आपल्या परंपरेत हाच. मग पोळ्यापासून दिवाळीपर्यंत वडशाला निवासी शिक्षण का असू नये? शाळेतल्या मुलांसाठी नव्हे. हंगामात प्रत्यक्ष वाजवणाऱ्या वीस-पंचवीस तरुण वादकांसाठी. त्यांना मजुरीइतके विद्यावेतन द्यावे, नाहीतर ते येणार नाहीत, आणि न येणे बरोबरच ठरेल. रोवणीच्या दिवसांत त्यांना बोलावू नये. आणि गुरू दरवर्षी तोच असावा. केंद्र सरकारची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती महिना ५,००० रुपये आणि दोन वर्षांची आहे. दोन वर्षांत हात बसायला लागतो न लागतो तोच ती संपते. इथे आठ-दहा पावसाळ्यांचा करार हवा.

पैशाचे सोंग आणता येत नाही, हे मान्य. पण या दोन जिल्ह्यांना तशी अडचण सांगता येणार नाही. चंद्रपूरचा कोळसा आणि चुनखडी, सुरजागडचे लोहखनिज यांवर २०१५च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी उभा राहतो, आणि शिक्षण व कौशल्यविकास हे त्याच्या खर्चाच्या प्राधान्यक्रमात आहेत. शिवणकाम, वेल्डिंग, संगणक ही कौशल्ये असतील तर तबलाही असावा. निधी आला की पहिली मागणी सभागृहाची होते, हा अनुभव सगळ्यांचा आहे. चंद्रपुरात प्रियदर्शिनी सभागृह आहे. त्यात बाहेरचे वादक येऊन वाजवून जातात, ते चांगलेच. इथला वादक त्या मंचावर तासभर बसवायचा असेल तर विटा-सिमेंटवरचा पैसा थोडा माणसांवर घालावा लागेल.

कोणी म्हणेल, शास्त्रीय एकल वादन ही शहरी चूष आहे, तिचा या जंगलाशी काय संबंध? जिवती-राजुऱ्याच्या डोंगरात जाऊन यावे. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने चाळीसच्या दशकात त्या गोंड मुलुखाचा अभ्यास केला आणि १९४८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथला परधान किंगरी वाजवीत आपल्या गोंड यजमानांच्या कुळांची, देवांची गाथा सांगतो. बाप मुलाला शिकवतो, मुलगा वर्षानुवर्षे मागे बसून ऐकतो, आणि यजमानांकडून मिळणाऱ्या दाण्यावर, गुराढोरांवर घर चालते. एक वाद्य, एक वाजवणारा, पिढीजात विद्या आणि तिला पोसणारे घर: घराण्याची व्याख्या यापेक्षा वेगळी काय करणार? आता यजमानांची मुले शहरात गेली, परधानाची मुलेही गेली. वडशाच्या वर्गात एक जागा त्या किंगरीवाल्या म्हाताऱ्यासाठी असावी, विद्यार्थी म्हणून नव्हे, शिकवायला.

बासरीचा मोह मात्र आवरावा लागेल. गडचिरोलीत बांबू अमाप, पण तो जाड भिंतीचा, जवळपास भरीव. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला चालतो, बासरीला नाही. मैफलीची लांब बासरी करायला आसामकडचा पातळ, लांब पेरांचा बांबू मागवावा लागतो. ते नंतर करू. सतार, व्हायोलिनही नंतर. आरंभ तबल्याने आणि पेटीने करावा, कारण ते शिकून दिवाळीला पोरगा थेट कामाला लागतो आणि मंडळाच्या मालकाला त्याचा उपयोग कळतो. मालकांकडून बदल्यात एकच मागावे: पडदा वर जाण्याआधी, प्रेक्षक चादरी अंथरून बसत असतात तेव्हा, या वादकांना वीस मिनिटे द्यावीत. तेवढ्यात एक पेशकार, दोन कायदे आणि एक रेला बसतो, आणि समोर दोन-तीन हजार माणसे असतात. पुण्या-मुंबईच्या नवोदिताला एवढा श्रोता मिळायला उमेदीची वर्षे जातात.

नाट्यमंडळांचे मालक, जिल्हा प्रशासन आणि नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र यांनी पोळ्याच्या आत एकदा वडशाला बसावे. यंदाचा हंगाम हुकला तरी चालेल. पुढच्या आषाढात गुरूची नेमणूक झालेली असावी.