कौतुकाच्या पुढे



जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीसारख्या मुरलेल्या खेळाडूला हरवले आणि ग्रँडमास्टर हा किताबही मिळवला. तेव्हा ती १९ वर्षांची होती. ती नागपूरची, म्हणजे आपल्या शेजारची. आनंद व्हायलाच हवा.

पण याच दिव्याने जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील एका स्पर्धेनंतर जे जाहीरपणे लिहिले, तेही आपण विसरू नये. प्रेक्षक माझा खेळ पाहत नाहीत, कपडे, केस आणि उच्चार यांचीच चर्चा करतात, अशी तिची तक्रार होती. बुद्धिबळात दिसण्याला गुण नसतात. तिथे ही स्थिती, तर जिथे सादरीकरणालाही गुण दिले जातात तिथे मुलींचे काय होत असेल?

बर्फावरचे फिगर स्केटिंग हा असा खेळ. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये रशियाच्या कामिला व्हालिएव्हाने हवेत चार गिरक्या घेणारी उडी मारली. ऑलिंपिकमध्ये हे करणारी ती पहिली स्त्री. स्त्री कसली, १५ वर्षांची मुलगी! त्याच दिवसांत तिच्या आधीच्या चाचणीत हृदयविकारावरचे बंदी असलेले औषध सापडल्याचे जाहीर झाले. वैयक्तिक स्पर्धेत ती पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी आली. रडत बाहेर आली, तेव्हा तू लढणे का सोडलेस, असे तिच्या प्रशिक्षक बाईंनी विचारले. जगाने ते दूरदर्शनवर पाहिले. जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली.

वयात येण्याआधीचे हलके शरीर अशा उड्यांना सोयीचे असते, म्हणून इतक्या लहान मुली पुढे आणल्या जातात. बीजिंगनंतर जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाचे किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ करण्याचे ठरवले. उशिरा का होईना, शहाणपण आले.

भंडारा जिल्ह्यात असे बर्फाचे मैदान नाही. तरी प्रश्न आपलाच आहे. तिकडे मुलगी बाई होण्याआधी तिच्याकडून सारे वसूल केले जाते. आपल्याकडे ती वयात आली की खेळच बंद होतो. सातवीपर्यंत कबड्डी गाजवणाऱ्या पोरीला पाळी सुरू झाली की अर्धी चड्डी चालत नाही, संध्याकाळचा सराव चालत नाही. रोवणीच्या दिवसांत धाकटी भावंडे तिच्याच कडेवर येतात. दोन्हीकडे निर्णय तिच्या शरीराबद्दलचे, आणि घेणारे मात्र दुसरे.

घरच्यांची भीती खोटी नाही. २०२३ मध्ये ऑलिंपिक पदक मिळवलेल्या साक्षी मलिकलाही लैंगिक छळाच्या तक्रारींची दखल घ्यावी म्हणून जंतरमंतरवर बसावे लागले. पण त्यावर उपाय मुलीला घरी बसवणे हा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, मैदाने आणि सरावाच्या जागाही येतात. जिथे अंतर्गत समिती नाही, तिथल्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी लागते. अठरा वर्षांखालील मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. हे कितीजणींना ठाऊक आहे?

म्हणून येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या गावच्या शाळेत जावे. आठवीनंतर किती मुली मैदानावर उरतात, ते मोजावे. कपडे बदलायला जागा आणि पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह आहे का, सराव कोण घेते, तक्रार कुणाकडे करायची याची पाटी लावली आहे का, हे विचारावे. तुमसरपासून लाखांदूरपर्यंतची ही माहिती जमली की ती घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.

विजेत्या मुलीला हार घालायला सगळेच येतात. हरलेल्या आणि खेळ सोडाव्या लागलेल्या मुलींची चौकशी आपल्याला करायची आहे.