निवृत्तीनंतर चित्रकला: छंद म्हणून नको, काम म्हणून करा

निवृत्त होऊन तीन-चार महिने झालेली माणसं दवाखान्यात येतात तेव्हा त्यांच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. झोप तुटक लागते. पोटात गॅस धरतो. मधेच छातीत धडधडतं. बीपी दिवसातून चार वेळा मोजलेलं असतं आणि त्याची यादी खिशात असते. ईसीजी, शुगर, थायरॉईड सगळं ठीक निघतं. मग मी विचारतो, दिवसभर काय करता? उत्तर येतं, "काही नाही साहेब, आराम."

राज्य सरकारच्या नोकरीत बहुतेकांना हा आराम ५८ व्या वर्षी मिळतो. तब्येत सांभाळली तर पुढे वीस-पंचवीस वर्षं सहज असतात, म्हणजे जवळजवळ दुसऱ्या नोकरीएवढा काळ. शरीराला इतक्या आरामाची सवय नाही आणि मेंदूला तर नाहीच. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या मालेगावात यंत्रमागावर उभं राहणाऱ्या माणसाला निवृत्ती हा शब्दच लागू नाही, हात चालतात तोवर त्याचा माग चालतो. त्याचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते या लेखात मावणारे नाहीत. हा लेख पेन्शनवाल्यांसाठी, मुलांच्या हाती दुकान सोपवलेल्यांसाठी आणि घरच्या जबाबदाऱ्या थोड्या सुटलेल्या बायकांसाठी आहे.

अशा वेळी "एखादा छंद लावून घ्या" असा सल्ला सगळेच देतात. माझं मत थोडं वेगळं आहे. छंद पहिल्याच अडथळ्याला बाजूला पडतो. सिलिंडर आला, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचंय, भाजी संपली, की उठतं कोण? जो "नुसता बसलाय" तो. कामाला मात्र वेळ ठरलेली असते, आज कालच्यापेक्षा बरं जमलं पाहिजे असा धाक असतो, कुणीतरी चुका दाखवणारं असतं. नोकरी गेली तेव्हा तुमच्याकडून नेमकं हेच गेलं. पगाराची तेवढी सोय पेन्शननं केली.

चित्रकलेत हे सगळं परत मिळू शकतं, आणि तिची ओळखही आपल्याला आहे. शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेले तुमच्यात कितीतरी असतील. ते सर्टिफिकेट बहुधा अजून दहावीच्या मार्कशीटबरोबर फाईलमध्ये असेल. घरच्या बायकांचा हात तर रांगोळीनं आयुष्यभर फिरता ठेवलेला असतो.

कोल्हापूरला गेलात तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय पाहा. भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'मधले शिवाजी महाराज म्हणून जुन्या पिढीला ते ठाऊक आहेत. पण त्यांची सुरुवात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली, रंग-ब्रशाच्या संगतीत झाली होती. पडद्यावरचं काम सरलं तरी हे काम उरलं. निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंगची चित्रं ते करत राहिले, आणि शेवटी 'निसर्ग' नावाचं आपलं राहतं घर चित्रांसकट सरकारला देऊन टाकलं. अमोल पालेकरांचंही तसंच. शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचं, मधे अभिनय आणि दिग्दर्शन, आणि उतारवयात पुन्हा कॅनव्हास.

"ते शिकलेले होते, आमचं काय?" असं तुम्ही म्हणाल. रवींद्रनाथ टागोरांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. हस्तलिखितातल्या खाडाखोडीला आकार देता देता ते साठीनंतर चित्रांकडे वळले. पहिलं प्रदर्शन १९३० साली पॅरिसला झालं, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. मागे दोन हजारांहून जास्त चित्रं आहेत. त्यांना लाल आणि हिरवा रंग नीट वेगळे दिसत नसावेत, असं काही अभ्यासकांना वाटतं. अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस या शेतकरी बाईचं उदाहरण तर मला डॉक्टर म्हणून फार आवडतं. संधिवातामुळे सुईनं भरतकाम करणं जड जाऊ लागलं, म्हणून सत्तरी उलटल्यावर तिनं ब्रश धरला. एकशे एक वर्षं जगली आणि अगदी शेवटपर्यंत चित्रं काढत राहिली.

याचा मेंदूला उपयोग होतो का? जर्मनीत २८ निवृत्त लोकांवर एक अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी १० आठवडे स्वतः चित्रं काढली, निम्म्यांनी संग्रहालयात चित्रं पाहून त्यावर चर्चा केली. मेंदूच्या काही भागांमधला समन्वय वाढलेला दिसला तो काढणाऱ्यांमध्ये. माणसं फक्त २८ होती, त्यामुळे यावरून "चित्रं काढा, विसराळूपणा टाळा" अशी जाहिरात कुणी करू नये. पण मोबाईलवर दुसऱ्याची चित्रं बघत बसणं आणि स्वतः हात काळे करणं यात फरक आहे, एवढं मला पटतं.

तेव्हा आठवड्यातले पाच दिवस, रोज दोन तास ठरवा. खिडकीजवळची जागा पक्की करा आणि घरच्यांना सांगा की या वेळेत मी कामावर आहे. एखाद्या निवृत्त चित्रकला शिक्षकाकडे जा, वयानं लहान असला तरी त्याच्याकडून चूक ऐकून घ्या. इंजिनिअर साहेबांना आणि हेडमास्तरांना हे सगळ्यात अवघड जातं, असा माझा अनुभव आहे. चित्र विकलं गेलं तर उत्तम, पण पीएफचे पैसे महागड्या फ्रेममध्ये आणि प्रदर्शनाच्या हॉलच्या भाड्यात घालू नका. घरातल्या बाईला हे काम करायचं असेल तर तिचे दोन तास मोकळे करणं ही बाकीच्यांची जबाबदारी. तिला कुणी निवृत्त करत नाही.

आता थोडं वैद्यकीय. चित्रकला हा उदासीनतेवरचा उपचार नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन खिन्न असेल, भूक-झोप गेली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर रंगांच्या आधी डॉक्टर गाठा.

डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूत नजर नुसती अंधूक होत नाही, रंगही पिवळट-तपकिरी दिसू लागतात. क्लॉद मोने या फ्रेंच चित्रकाराला १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, ऑपरेशन त्यानं १९२३ पर्यंत टाळलं. त्या काळातली त्याची काही चित्रं लालसर-तपकिरी होत गेलेली दिसतात. आपल्याकडे अजूनही "पिकू द्या, मग काढू" म्हणतात. आता थांबण्याची तशी गरज नसते.

दम्याचा त्रास असेल तर टर्पेंटाइन लागणारे तैलरंग टाळा, जलरंग किंवा ॲक्रिलिक घ्या. काही रंगांत कॅडमियमसारखे धातू असतात, त्यामुळे ब्रशाचं टोक ओठानं सरळ करायची सवय नको, आणि जेवणाआधी हात साबणानं धुवा. डायबेटीसवाल्यांनी हात रंगलेत म्हणून जेवणाची वेळ चुकवू नये. त्यांचा खांदाही लवकर आखडतो, तेव्हा दर अर्ध्या तासाला उठून हात डोक्यावर नेत जा.

हाताला कंप असेल तर घाबरून थांबू नका, पण दाखवा. काम करताना वाढणारा कंप आणि हात मांडीवर स्वस्थ असताना होणारा कंप यांची कारणं वेगळी असतात. अक्षर किंवा रेघा हळूहळू बारीक होत चालल्या असतील तर ते पार्किन्सन्सचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं. म्हणून प्रत्येक चित्राखाली तारीख घाला, आणि तपासायला येताना वर्षापूर्वीची आणि आत्ताची अशा दोन्ही वह्या बरोबर आणा.