शेजारच्या डेस्कवरचा

समजा, उद्या एचआरचा मेल आला, 'सगळ्यांनी पगार थोडा कमी घेतला, तर नव्या पोरांच्या नोकऱ्या वाचतील.' काय कराल? खरं खरं सांगा हं!

युनायटेड एअरलाइन्सच्या पायलट्सना २०२० मध्ये हाच प्रश्न पडला. कोरोनाने विमानं जमिनीवर आणली आणि २,८५० पायलट्सवर 'फर्लो'ची वेळ आली. फर्लो म्हणजे बिनपगारी घरी बसा, काम वाढलं की बोलावू. नियम सिनिऑरिटीचा, शेवटी आलेला आधी बाहेर. सिनिअर कॅप्टनची खुर्ची शाबूत!

तरी युनियनने मतदान घेतलं. उड्डाणाचे तास वाटून घ्यायचे, त्या हिशेबात पगारही कमी. बदल्यात जून २०२१ पर्यंत कुणालाच फर्लो नाही. करार पास झाला, पण ५८ टक्क्यांनीच. बाकीच्यांना व्हिलन ठरवू नका. होम लोन त्यांनाही असणारच.

पुढे प्रवासी परतले, अमेरिकेत पायलट्सची टंचाई झाली, तेव्हा ही राखलेली मंडळीच कामाला आली.

युनियन म्हणजे नुसते झेंडे आणि घोषणा नव्हेत बॉस. शेजारच्या डेस्कवरच्यासाठी आपल्या पेस्लिपमधून काही जातं, तिथे तिची परीक्षा असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसात तर युनियनच नाही. मग त्या मेलला पहिला 'हो' कोण पाठवणार?